हँडगिअरचा एक तुकडा आणि बंद कारखान्याचं कुलूप

अँबॅसिडरचं सामान आता मिळत नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सामान आहे. आमच्या मराठवाड्यात तालुक्यातालुक्याला गंजत पडलंय. पण ते ज्याच्या आवारात आहे त्याच्याकडे किल्ली नाही, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला सहीचा अधिकार नाही, आणि अधिकार ज्याला आहे तो पुढच्या बैठकीपर्यंत काही बोलत नाही. माझी गाडी एवढ्यासाठी उभी राहिली.

गाडी १९७६ ची, मार्क ३ मॉडेल. वडिलांनी परभणीत एका वकिलांकडून घेतलेली. इंजिन जुनं, १४८९ सीसी पेट्रोल. गॅस्केट, वॉटर पंप, कार्ब्युरेटरचा किट, ब्रेकचे रबर हे सगळं मिळालं. काही संभाजीनगरला, काही कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून पार्सलने. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ पर्यंत चालू होता, त्यामुळे झिजणारं सामान अजून फिरतंय. फक्त दुकानात नुसतं ‘अँबॅसिडर’ म्हणू नका. १४८९ चं पेट्रोल वेगळं, तेवढ्याच सीसीचं डिझेल वेगळं आणि १९९२ नंतरचं १८०० सीसीचं जपानी इसुझू इंजिन पूर्ण वेगळं. दुकानदाराच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा इसुझूच असतं, कारण त्याने शेवटी विकलं ते तेच.

अडलं ते हँडगिअरवर. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. त्याच्या खालच्या टोकाला, बॉनेटच्या आत, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक ब्रॅकेट आणि त्यावर फिरणाऱ्या दोन छोट्या दांड्या असतात. दांड्या ज्यात फिरतात ते बुश झिजले की दोन्ही दांड्या एकदम ओढल्या जातात आणि गिअर मधेच बसतो, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. वसमत रोडवर ऐन बाजाराच्या वेळी बॉनेट उघडून, तापलेल्या इंजिनाशेजारी हात घालून दांडी सरळ करावी लागायची. मागचे हॉर्न थांबत नसत. बुश करायला अवघड नाहीत. वाळूजला लेथवर गनमेटलचे करून घेतले, उत्तम बसले. पण माझा ब्रॅकेटच तडकलेला होता. ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळेने जोडलं, काही दिवस टिकलं आणि त्याच रेषेवर पुन्हा उकललं. तिथे ओरिजिनलशिवाय इलाज नव्हता, आणि नवीन कुणी करत नाही.

आमचे मिस्त्री चाचा म्हणाले, “हर कारखाने के चेअरमन के पास अँबॅसिडर थी. वो गाड्यां गई कहाँ? वहींच पडी होंगी.”

खरंच पडल्या होत्या. आमच्या भागातल्या एका बंद सहकारी साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये दोन पांढऱ्या अँबॅसिडर, एकीला इंजिन नाही, दोन्हींचे टायर जमिनीत रुतलेले. वॉचमन मामांनी शेडपर्यंत नेलं. मी बॉनेट उचललं. कुंभारमाशीने स्टीअरिंगच्या दांड्यावर मातीचं घर केलं होतं. ते बोटाने पाडलं तर खाली ब्रॅकेट अखंड, त्यावरचा ओतीव नंबरही वाचता येत होता. माझ्या ब्रॅकेटवरचा तोच नंबर मी कागदावर लिहून नेला होता. जुळला. मामा म्हणाले, “साहेब, हात लावू नका. एक नट जरी गेला तर माझ्यावर येतंय.” त्यांचं बरोबर होतं, मी बॉनेट खाली केलं.

इथून पुढे जे झालं त्याची चीड अजून गेलेली नाही.

कारखाना अवसायनात निघालेला. म्हणजे सगळी मालमत्ता अवसायकाच्या, बंद संस्थेचा हिशेब मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात. त्यांच्या कार्यालयात गेलो तर लिपिक म्हणाला अर्ज द्या. दिला. पुढच्या खेपेला कळलं की कारखान्यावर बँकेचा बोजा आहे, बँकेची ना हरकत आणा. बँकेत साहेब म्हणाले, आम्ही जमीन आणि यंत्रसामग्री ताब्यात घेतली आहे, वाहनं आमच्या यादीत नाहीत. तेवढंच लेखी द्या म्हटलं तर म्हणे, अवसायकांनी पत्राने विचारलं तर देऊ. अवसायकाकडे आलो, पत्र लिहा म्हणून विनंती केली. साहेब दौऱ्यावर. नंतर साहेब भेटले तेव्हा जुना अर्ज सापडेना. मी अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ठेवला होता म्हणून तो फायलीतून निघाला. नुसता अर्ज देऊन येऊ नका, पोच घ्या, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

पत्र गेलं, बँकेचं उत्तर आलं, मला वाटलं सुटलो. तेव्हा लिपिकाने सांगितलं की सुटा भाग विकायची तरतूदच नाही. मी म्हणालो, मग अख्खी गाडी द्या, मूल्यांकन कराल ते भरतो. तर गाडीही सुटी नाही. गाड्या, जुन्या पाइपलाइन, उसाच्या कन्व्हेअरच्या साखळ्या, जळालेल्या मोटारी, हा सगळा भंगाराचा एकच लॉट. बोली लावायची तर सगळ्यावर.

म्हणजे हातात मावेल एवढ्या बिडाच्या तुकड्यासाठी मी कित्येक टन लोखंड घ्यायचं. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. तो नियम काही नंतर झालेला नव्हता. माझ्या वडिलांचा त्या कारखान्यात शेअर होता, ऊस तिथेच जायचा, थकलेलं बिल त्यांना कधी पूर्ण मिळालं नाही. त्याच कारखान्याच्या दारात त्यांच्या गाडीच्या पार्टसाठी मी ताटकळत होतो, आणि पार्ट आत गंजत होता.

मार्ग कार्यालयातून निघाला नाही, गेटवरून निघाला. मी माझा नंबर मामांकडे देऊन ठेवला होता. लिलावाची नोटीस गेटवर लागली तशी त्यांनी फोन केला. कार्यालयाकडून मला अवाक्षर नाही, अर्ज फायलीत असूनसुद्धा.

लिलावाला बहुतेक मंडळी जालन्याकडची. तिथल्या स्टील कारखान्यांत भंगार वितळून सळई होते, त्यामुळे आपल्याकडचं बरंचसं लोखंड शेवटी तिकडेच जातं. मी बाहेर चहाच्या टपरीवर एकेकाला गाठून फोटो दाखवला. एक शेठ म्हणाले, “आधी लॉट तर लागू द्या, भाऊ. लागला तर तुमचा तुकडा तुमचा.” लॉट त्यांनाच लागला.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. भंगारवाला गाडी उचलून नेत नाही, जागेवरच गॅस कटरने कापून ट्रकमध्ये भरतो. पैसे भरून माल उचलायची परवानगी मिळाली की कटर आत येतो. त्या मधल्या वेळेत तुम्ही तिथे हजर पाहिजे. मी शेठना रोज फोन करत होतो, त्यांना त्रास झाला असेल, पण तारीख कळली. सकाळी चाचांना घेऊन पोचलो तेव्हा कटरवाली पोरं इंजिन नसलेल्या गाडीच्या पुढच्या भागाजवळ सिलिंडर लावत होती. हात जोडून त्यांना साखळ्यांकडे पाठवलं.

चाचांनी हातोडी काढू दिली नाही. बीड ठोक्याने तडकतं. गंजलेल्या नटांवर तेल सोडायचं, थांबायचं, पाना किंचित घट्ट दिशेला न्यायचा, मग सोडवायचा. पानेही इंचातले लागतात. या गाडीला अर्धा इंच, नऊ सोळांश असेच पाने आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा नंबरचा बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाची धार गोल करतो. दुपारपर्यंत स्टीअरिंगच्या दांड्यासकट दोन्ही हँडगिअर बाहेर. शेठनी वजनाच्या भावापेक्षा बरेच जास्त मागितले. मी घासाघीस न करता दिले, आणि कुणालाही तेच सांगेन. त्या माणसाने शब्द पाळला होता.

बसवताना कुठलीच अडचण आली नाही. रॉकेलने धुतलं, वाळूजचे बुश घातले, संपलं. आता चारही गिअर दोन बोटांनी पडतात. चाचांनी गाडी स्वतः जिंतूर रोडला फिरवून आणली आणि उतरल्यावर बॉनेटवर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

बोल्टचं राहिलं. पाच सोळांश इंची बोल्ट हरवला तर दुकानदार आठ एमएमचा देतो, कारण जाडी डोळ्याला सारखीच दिसते. आटे सारखे नाहीत. एक-दोन वेढे जातो आणि अडतो, जोर लावला तर समोरचे आटे जातात. आट्यांमधलं अंतर मोजायचं पिच गेज स्वस्त मिळतं, खिशात ठेवा. आणि कापायला निघालेल्या गाडीतून पुढचे टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकांसाठी स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, घेणार असाल तर काढण्याआधी डावा-उजवा रंगाने लिहून ठेवा. वापरलेला बार एकाच बाजूला पीळ घेऊन बसलेला असतो, उलट बाजूला लावला तर तुटू शकतो.

भंगारवाल्याकडून साधी का होईना, पावती घ्या. त्यावर लिलावाची तारीख आणि पार्टचं नाव लिहून घ्या. त्या दिवशी गेटमधून बाहेर पडताना माझी डिकी उघडायला लावली होती आणि ती पावती दाखवल्यावरच मामांनी गेटपासवर सही केली.