चेरी सावर, महिना १४: बाटल्या अजून रिकाम्याच ठेवतोय

आज माझ्या चेरी सावरचं, म्हणजे चेरी घातलेल्या आंबट बिअरचं, परत सॅम्पल काढलं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, २५ लिटरचं जुनं रेड वाइनचं बॅरल, त्यात बिअर आणि ब्रेट (ब्रेटानोमायसिस, एक रानटी यीस्ट) आणि पेडिओ (पेडिओकॉकस, आंबटपणा आणणारा बॅक्टेरिया), १२ महिने तसंच ठेवलं, मग २० लिटर कारबॉयमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत) घेऊन ४ किलो आंबट चेरी बियांसकट टाकल्या, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. उरलेली बिअर एका छोट्या जारमध्ये काठोकाठ भरून बिनफळाची ठेवलीय, तुलनेला.

मला खरी धास्ती व्हिनेगरची होती कारण छोट्या बॅरलमध्ये बिअरच्या मानाने लाकूड जास्त लागतं, म्हणजे ऑक्सिजनही जास्त शिरतो. पण नाकाला झोंबणारं काहीच नाही, नेलपॉलिशसारखा वासही नाही, आंबटपणा एकदम स्वच्छ आहे, लॅक्टिकचा (दह्यातल्या आम्लाचा), जिभेच्या कडांना लागतो आणि घशात जळजळत नाही. पीएच ३.४, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.००४.

चेरीचं मात्र गेल्या महिन्यापेक्षा पूर्ण वेगळंच झालंय! तेव्हा नुसता जॅमचा वास होता. आता गोडवा सगळा फर्मेंट होऊन गेलाय, फळाची साल राहिलीय, तिचा तुरटपणा, आणि मागून हळूच बदाम येतो, तो बियांचा. बिनफळाच्या जारमध्ये ओकचा व्हॅनिला आणि ब्रेटचा तो तबेल्यासारखा वास ठळक आहे, चेरीवाल्यात तोच वास फळाच्या खाली दबून राहतो आणि मला तसाच आवडतो.

पण घोट गिळल्यावर लगेच ग्लास उचलू नका, १०-१५ सेकंद थांबा. मी थांबलो आणि मागे कोरड्या सिरियलसारखी, थोडी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली. हा टीएचपी (टेट्राहायड्रोपायरिडीन, सूक्ष्मजीवांमुळे तयार होणारं नकोसं संयुग). आंबट बिअरमध्ये त्याचा वास वर येतच नाही, तोंडात लाळेने आंबटपणा कमी झाला की मग उमटतो, म्हणून नुसतं हुंगून कळत नाही. खात्रीसाठी थोड्या सॅम्पलमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकून हुंगलं, तिथे स्पष्ट आला. बिनफळाच्या जारमध्ये तो जेमतेमच आहे, त्यामुळे माझा संशय चेरीवरच आहे, फळ घालताना तोंड उघडं राहून ऑक्सिजन गेला असणार. दुसऱ्यांदा करणाऱ्यांनी आधी कारबॉयमध्ये चेरी टाकून कार्बन डायऑक्साइड सोडावा, मग खालून नळीने बिअर भरावी, मी पुढच्या वेळी तसंच करणार आहे.

टीएचपी बऱ्याचदा वेळ दिला की कमी होतो. आत्ता भरली तर बाटलीत परत फर्मेंट होताना तो वाढूही शकतो, शिवाय एवढं सुंदर फळ त्याच्याखाली दडेल ते मला नकोय. चेरीवरून उतरवून घेतोय, एअरलॉकमध्ये (गॅस बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या बुचात) पाणी भरलं, आता दोन महिने झाकण उघडणार नाही, सॅम्पलसुद्धा नाही. पुढची नोंद १६व्या महिन्यात, सोड्याच्या टेस्टसकट.