तुम्ही विचारलंत म्हणून: मिलिटरीतले सासरे फार कडक होते का?

लग्नाला बावीस वर्षं झाली पण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही, "सासरे मिलिटरीतले म्हणजे घरात फार शिस्त असेल ना गं?" अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील, तरी परवा हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलंच. म्हटलं एकदा सांगूनच टाकू.

अण्णा तोफखान्यात होते. ७१ ची लढाई केलेली, लेफ्टनंट कर्नल म्हणून रिटायर झाले आणि घर घेतलं ते लॅम रोडला, का तर देवळालीचं आर्टिलरी स्कूल जवळ. शिस्त होती, नाही कशाला म्हणू, पण ती स्वतःपुरती. पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करायचा, बशीत ओतून प्यायचा, बुटाला पॉलिश करायचं, संपली शिस्त. मटार सोलायला बसवलं की निम्मे तोंडात, आणि मी ओरडले की शांतपणे "ट्रान्झिट लॉस आहे सूनबाई". डॉक्टरांनी तर्री बंद केली तर दर रविवारी "पोराला मिसळ खायचीय" म्हणून नातवाला घेऊन बाहेर, आणि पोरगं येऊन सांगायचं की आजोबांनी तर्री दोनदा मागितली.

पाहुणा आला की देवळालीची गोष्ट ठरलेली. इंग्रज सोल्जर परतीच्या बोटीची वाट बघत इथल्या कॅम्पात महिनोन्महिने पडून असायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणायला लागले. "आपण वेड्यांच्या गावात राहतो" म्हणून स्वतःच हसत बसायचे, शंभरदा ऐकलंय मी.

पावसाळ्यात गॅलरीत गरम भजी आणि वीज. चमकली की नातू मोठ्याने सेकंद मोजणार, गडगडलं की अण्णा तीनने भागणार, "नऊ सेकंद, तीन किलोमीटर, पाथर्डीकडे." आवाज सेकंदाला साधारण ३३० मीटर जातो, शत्रूची तोफ किती लांब आहे तेही असंच काढायचे म्हणे.

आणि गंमत म्हणजे तोफांनी डावा कान पार गेलेला, उजवा जेमतेम, बेल वाजली तरी कळायची नाही. पण रेंजवर फायरिंग सुरू झालं की पहिलं त्यांनाच कळायचं. हॉलच्या खिडकीची एक काच सैल होती, तिच्यावर तळवा टेकवून उभे राहायचे, डोळे मिटून, आणि सांगायचे, ही १५५ मिलिमीटरवाली मोठी तोफ आहे, ही लहान. २०१८ च्या नोव्हेंबरात देवळालीला वज्र आणि एम ७७७ तोफा आल्या तेव्हा पेपर दोनदा वाचला, तोफ हेलिकॉप्टरला लटकवून नेतात याचं त्यांना भारी हसू यायचं, आणि पुढे कित्येक दिवस नवीन तोफेचा हात लागतोय का म्हणून काचेपाशी.

त्या काचेवरून मात्र आमचं वाजायचं. खडखडाटाने माझं डोकं उठायचं म्हणून मी फटीत पेपरच्या घड्या घालायची, दुपारी झोपून उठेपर्यंत अण्णांनी त्या काढून नीट रद्दीत ठेवलेल्या. बोलायचे काहीच नाहीत. सुतारालाही दोनदा परस्पर परत पाठवलं.

काच अजून तशीच आहे. पावसात पाणी आत येतं, खाली जुना टॉवेल टाकून ठेवते.