शब्द शेपटीकडून सोडवा

रिपोर्टमधले ते लांबलचक शब्द डॉक्टर पाठ कसे करतात, हे तुम्ही पुन्हापुन्हा विचारलंत म्हणून. ते पाठ करायचे नसतातच. समासाचा विग्रह करावा तसे फोडायचे, आधी शेपटी आणि मग डोक्यापासून पुढे.

कोलेसिस्टेक्टॉमी घ्या. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं, 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी. झालं, पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. तिन्ही तुकडे ग्रीक. शेपटी बदलली की काम बदलतं. 'ऑटॉमी' हा नुसता छेद. 'ऑस्टॉमी'त ग्रीक स्टोमा, म्हणजे तोंड आहे. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, कोलॉस्टॉमीत त्याला पोटावर तोंड करून देतात. ऐकायला जवळजवळ सारखं, रुग्णासाठी मात्र केवढा फरक!

एकाच अवयवाला दोन नावं का? मूत्रपिंड लॅटिनमध्ये रेन, ग्रीकमध्ये नेफ्रॉस. ढोबळमानाने शरीररचना लॅटिनकडे, रोग ग्रीककडे. म्हणून धमनी रीनल, दाह मात्र नेफ्रायटिस. ही वाटणी काटेकोर नाही. अपेंडिसायटिसमध्ये लॅटिन धडाला सरळ ग्रीक शेपूट जोडलंय.

फसगत होते ती 'ओमा'पाशी. ओमा दिसला की लोक कर्करोग धरून चालतात. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. उलट मेलॅनोमा आणि लिम्फोमा हे कर्करोगच. म्हणजे इथे विग्रहावर विसंबून चालत नाही. 'मायलो'चंही तसंच: ऑस्टिओमायलायटिसमध्ये तो हाडातला मगज, पोलिओमायलायटिसमध्ये मज्जारज्जू. आणि हायपर-हायपो घाईत ऐकू नका, लिहून घ्या. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमियात घटलेली. उपचार थेट उलटे.

डायबेटिसचा मूळ अर्थ आरपार निघून जाणं, कारण लघवी फार होते. मेलिटस म्हणजे मधाळ. आपल्या मधुमेहातही तोच मध आहे. पण डायबेटिस इन्सिपिडस नावाचा वेगळा आजार आहे. इन्सिपिडस म्हणजे बेचव. त्यात लघवी भरपूर होते, साखरेशी मात्र त्याचा काही संबंध नाही. तेव्हा कागदावर डायबेटिस दिसल्याबरोबर घरातली साखर बंद करू नका, पुढचा शब्द वाचा.