तीस टनांची भिंत

पुण्यात सत्तरच्या दशकात बांधलेल्या सोसायट्यांमध्ये कुणी घराचे नूतनीकरण काढले, की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावणे सहसा सर्वांत शेवटी येते. तोवर डिझायनरची रंगीत चित्रे पसंत झालेली असतात, कंत्राटदाराला आगाऊ रक्कम पोचलेली असते आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी 'इंजिनिअरचे पत्र आणा' म्हणून काम अडवतात. एरंडवण्यातल्या त्या तळमजल्याच्या घरीही मला असेच एका सहीपुरते बोलावले होते.

इमारत 1978 ची, तळमजल्यावर दोन मजले. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली बारा फुटांची भिंत काढून दोन्ही खोल्या एक करायच्या, मधोमध ओटा घ्यायचा, असा बेत होता. मिस्त्रीने भिंतीवर सूत मारून गेरूची रेघ ओढली होती आणि ब्रेकर कोपऱ्यात आणून ठेवला होता. घरमालक पती-पत्नी, डिझायनर आणि कंत्राटदार असे सगळेच त्या दिवशी हजर होते, हे चांगले झाले. एरवी हे लोक एकमेकांशी मालकांच्या फोनवरूनच बोलतात.

मी आधी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. दोन्हीकडच्या गिलाव्यासह साडेदहा इंच भरली, म्हणजे आतली वीट नऊ इंची. वर पाहिले तर स्लॅब भिंतीपर्यंत सपाट आलेला, खाली उतरलेला बीम कुठेच नाही. मिस्त्रीला कोपऱ्यातला वीतभर गिलावा खरवडायला सांगितले. कॉलम असता तर छिन्नीला काँक्रीट लागले असते. निघाल्या त्या विटाच, आणि दोन्ही भिंतींचे थर एकमेकांत गुंतलेले. इमारतीला सांगाडा नव्हता. सगळा भार भिंतींवरच होता.

"साहेब, असल्या पन्नास भिंती पाडल्यात आपण," कंत्राटदार म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याची बहुतेक कामे नव्वदनंतरच्या इमारतींतली होती, जिथे भार बीम-कॉलम घेतात आणि आतली साडेचार इंची भिंत नुसता आडोसा असते. डिझायनरचा अनुभवही बाणेर-हिंजवडीकडच्या नव्या घरांचा होता. (आता अगदी नव्या, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या टॉवरांमध्ये भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्यांनाही हात लावता येत नाही; पण तो वेगळा विषय.)

डिझायनरच्याच नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. गच्चीसह तीन स्लॅबांचा वाटा आणि वरच्या दोन मजल्यांच्या भिंती मिळून त्या भिंतीवर मीटरला साधारण साडेआठ टन, म्हणजे बारा फुटांवर तीस टनांच्या आसपास भार येत होता. वाळूने भरलेला दहाचाकी ट्रक वजनकाट्यावर साधारण तेवढाच भरतो. कंत्राटदार काही वेळ तो आकडा पाहत राहिला आणि मग त्याने मिस्त्रीला ब्रेकर बाहेर गाडीत ठेवायला सांगितले.

मालकांचा चेहरा उतरला होता. त्या दिवसातला सर्वांत कामाचा प्रश्न मात्र डिझायनरने विचारला. "सर, भिंत जात नसेल तर तिच्यात रुंदीला किती मोकळे मिळेल?" आपले चित्र वाचवण्यासाठी ती भांडली असती तरी मला नवल वाटले नसते. पाच फूट मिळेल, मी म्हणालो. वर आयएसएमबी 200 चे, म्हणजे 200 मिलिमीटर उंचीचे, इंग्रजी 'आय' आकाराचे दोन पोलादी गर्डर शेजारी-शेजारी, दोन्ही टोकांखाली भार विटांवर पसरवणारे काँक्रीटचे ठोकळे (बेड ब्लॉक), आणि कोपऱ्यापासून किमान दोन फूट भिंत अखंड. हे मोकळे कुठे घ्यायचे, यावर पुढचा बराच वेळ गेला, आणि इथे कंत्राटदार खुलला. ती जागा दिवाणखान्याच्या खिडकीसमोर न घेता डावीकडे सरकवली तर सिंक बाहेरच्या भिंतीला राहते, सांडपाण्याचा पाइप लांबवून जमीन उचलावी लागत नाही आणि गॅसची लाइनही जागची हलत नाही, हे त्याने खडूने फरशीवर आखून दाखवले. डिझायनरच्या आणि माझ्याही ते लक्षात आले नव्हते. मधोमधचा ओटा गेला. त्याऐवजी उरलेल्या भिंतीला पाठ लावून एल आकाराचा ओटा आणि मोकळ्या जागेत जेवणाचे टेबल, असे नवे चित्र तिने तिथेच पेन्सिलने काढले.

एक वाद मात्र झाला. वायरिंगसाठी कंत्राटदाराला भिंतीभर आडवी झिरी मारायची होती. भारवाही भिंतीत आडव्या झिरीची खोली जाडीच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त नसावी, उभ्या झिरीला एकतृतीयांशापर्यंत चालते. नऊ इंची भिंतीत आडवीला जेमतेम दीड इंच मिळतो आणि कटर चालवणारा मुलगा तो कधीच पाळत नाही. मी आडवी झिरी पूर्ण बंद केली, वायर वरून उभ्या उतरवायला सांगितल्या. त्याला ते आवडले नाही, कारण वायरचा पाइप वाढतो.

मधेच पहिल्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, "आमच्या घराला काही होणार नाही ना?" मालकीणबाईंनी त्यांना बसवून हिशेबाचा कागदच दाखवला. काकूंच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या कोपऱ्यांत, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या तारीख टाकून लावायचे ठरले; भिंत जराही हलली तर ती पट्टी आधी तडकते. गर्डर एकाच वेळी दोन्ही घालायचे नाहीत, हेही लिहून दिले: दोन्ही बाजूंना टेके लावून आधी अर्ध्या जाडीत खाच, तिच्यात पहिला गर्डर, वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या मसाल्याने, ठासून भरायची, ते पक्के झाल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. ही आखणी आणि हिशेब जोडून महापालिकेची परवानगी येईपर्यंत विटेला धक्का लावायचा नाही, ही अट सेक्रेटरींनी घातली आणि ती योग्यच होती.

शेवटी गाडी पैशांवर आली. जुन्या कोटेशनमध्ये या सगळ्या कामाची एकच ओळ होती, 'भिंत तोडणे व राडारोडा उचलणे, एकरकमी'. नव्यात टेके, गर्डर, बेड ब्लॉक आणि ग्राउट यांच्या वेगळ्या ओळी आल्या आणि रक्कम मालकांच्या अंदाजाबाहेर गेली. फॉल्स सीलिंग वगळून त्यांनी ती भरून काढली. डिझायनरने नव्या नकाशांचे अर्धेच पैसे मागितले. आगाऊ रकमेतला भिंत तोडण्याचा भाग परत करायला कंत्राटदार तयार नव्हता. तो गर्डरच्या बिलात वळता करून घ्यायचे ठरले, आणि मी ज्या सहीसाठी गेलो होतो ती जुन्या नकाशावर न करता नव्यावर केली.