पावसातलं स्टेशन आणि सिस्टर रोझेटा

मँचेस्टरला ऑफिसात डबा उघडला की आमच्याकडे एकच वाद पेटतो: रॉक आणि ब्लूजमध्ये (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) सगळ्यांत थोर गिटारवादक कोण? एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज हे तिघेही एकामागून एक यार्डबर्ड्स या एकाच इंग्लिश बँडमधून गेलेले, त्यामुळे इथल्या मंडळींना हे घरचंच भांडण वाटतं. मी पुण्यात कॉलेजला होतो तेव्हापासून जिमी हेंड्रिक्सच्या बाजूचा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्या हाताने असं वाजवणारा दुसरा दाखवा, असं मी ठासून सांगायचो.

परवा निवृत्तीला आलेल्या एका सहकारी बाईंनी मला विचारलं, "तू ज्या रस्त्याने सायकलवरून येतोस तिथे काय झालं होतं, माहीत आहे का?"

तो रस्ता म्हणजे फॅलोफील्ड लूप, जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट. तिथे विल्ब्रॅहम रोड नावाचं स्टेशन होतं. ते बंद पडल्यावर मे १९६४ मध्ये ग्रॅनाडा टीव्हीने तिथे ब्लूजचा कार्यक्रम केला. एका फलाटावर कलाकार, समोरच्या फलाटावर प्रेक्षक, मध्ये रूळ. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक मडी वॉटर्सही होते. आणि नेमका मँचेस्टरचा पाऊस कोसळला. अमेरिकन गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरल्या, ओल्या फलाटावरून चालत आल्या, पांढरी गिब्सन गिटार गळ्यात अडकवली आणि गाणं धरलं ‘डिडन्ट इट रेन’.

त्याच रात्री घरी ते चित्रीकरण पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. अंगावर छान कोट, आवाज चर्चमधला, भरदार. बाई एक ओळ गातात आणि गिटार तिला उत्तर देते. आपल्याकडे सवाल-जवाब रंगतो ना, तसं. फक्त दोन्ही बाजू एकाच बाईच्या. मधला तुकडा वाजवताना तार अशी ताणतात की सूर ओरडून वर चढतो. हे सगळं त्या १९६४ मध्ये पहिल्यांदा करत नव्हत्या. १९१५ साली आर्कान्सामध्ये जन्म, लहानपण शिकागोच्या चर्चमध्ये गाण्यात गेलं, १९३८ पासून ध्वनिमुद्रिका. क्लॅप्टनचा जन्म १९४५ चा, पेजचा १९४४ चा!

"पण त्या तर गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या गायिका," असं आमच्यातला एक जण म्हणाला. मला ते अजिबात पटत नाही. इलेक्ट्रिक गिटार घेऊन देवाचं गाणं म्हटलं म्हणून वादन कमी कसं होईल? त्या १९७३ मध्ये गेल्या, कित्येक वर्षं त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉकमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत नाव लागायला २०१८ उजाडलं. याचा मला खरंच राग येतो.

हेंड्रिक्स माझा लाडकाच राहील. पण पहिलं नाव आता मी रोझेटाबाईंचंच घेतो. काल पाऊस होता, तरी स्टेशन होतं त्या जागी सायकल उभी केली आणि दहा मिनिटं तसाच भिजत थांबलो.