सिव्हिल राइट्सचं ट्रेनिंग: पहिल्या वर्षी नुसतं क्लिक केलं, दुसऱ्या वर्षी कळलं (माझा अनुभव)

ऑगस्ट 2022 मध्ये मला इथे न्यू जर्सीत स्नॅप-एडमध्ये न्यूट्रिशन एज्युकेटरची नोकरी लागली. स्नॅप म्हणजे ज्याला अजूनही बरेच लोक फूड स्टॅम्प म्हणतात ते, सरकार दर महिन्याला कार्डावर पैसे टाकतं आणि त्यातून किराणा घ्यायचा, आणि स्नॅप-एड म्हणजे त्याच लोकांना त्या पैशात चांगलं कसं खायचं ते शिकवणारा प्रोग्रॅम. क्लास घ्यायचे ते लायब्ररीत, चर्चमध्ये, शाळेत, फूड पॅन्ट्रीत म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, जिथे जागा मिळेल तिथे. मी पुण्यात डाएटिशियनचं काम केलेलं, कडधान्यं, भाज्या, डब्यावरचं लेबल वाचणं हे सगळं येत होतं, त्यामुळे मला वाटलं आता फक्त हेच इंग्लिशमध्ये बोलायचंय, बाकी काय.

पहिल्याच आठवड्यात कोऑर्डिनेटरने एक लिंक पाठवली, सिव्हिल राइट्स ट्रेनिंग, म्हणजे कोणाशी भेदभाव करायचा नाही याचं, क्लास घेण्याआधी पूर्ण करून सर्टिफिकेट पाठव म्हणाली. हे सगळ्यांना असतं, दरवर्षी असतं, क्लासला येणाऱ्या लोकांशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाला. कारण पैसा केंद्राच्या शेती खात्याकडून, म्हणजे यूएसडीएकडून यायचा आणि त्यांच्या एफएनएस या अन्न-पोषण विभागाचं इन्स्ट्रक्शन 113-1 म्हणून 2005 सालचं एक जाडजूड सर्क्युलर आहे, त्यात काय काय शिकवायचं तेही ठरवून दिलंय. माहिती कशी गोळा करायची, लोकांना त्यांचे हक्क कसे कळवायचे, तक्रार कशी घ्यायची, अपंग माणसाला काय सोय द्यायची, भाषा येत नसेल तर काय, भांडण झालं तर काय. कायदेही ओळीने, 1964 च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सिक्स म्हणजे वंश, रंग, मूळ देश यावरून भेदभाव नाही, मग 1972 चा टायटल नाइन स्त्री-पुरुष भेदाबद्दल, 1973 चं सेक्शन 504 अपंगत्वासाठी, 1975 चा वयाचा कायदा. मी संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेता घेता स्लाइड्स पुढे ढकलल्या, क्विझ दिली, सगळी उत्तरं बरोबर आली, सर्टिफिकेट डाउनलोड केलं, झालं. खरं सांगते, मनात हेच होतं की मी कशाला कोणाशी भेदभाव करीन, मीच इथे परकी, माझ्याच बोलण्याला लोक दोनदा सॉरी सॉरी करतात.

पहिली चूक कागदावरची होती. फ्लायर करायचा होता क्लासचा, मी छान रंगीत केला, खाली ते ठरलेलं वाक्य टाकावं लागतं, धिस इन्स्टिट्यूशन इज अ‍ॅन इक्वल ऑपॉर्च्युनिटी प्रोव्हायडर, ते मी बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकलं कारण डिझाइन बिघडत होतं. फ्लायर परत आला. बाकीचा मजकूर ज्या साइझचा आहे त्यापेक्षा हे वाक्य लहान चालत नाही. तसंच ते लोकांच्या हक्कांचं भिंतीवरचं पोस्टर, अँड जस्टिस फॉर ऑल, ते 11 बाय 17 इंचाचंच लागतं, घरच्या प्रिंटरवर छोटं काढून चिकटवलं तर ते धरत नाहीत. मला तेव्हा हा नुसता छळ वाटला होता.

दुसरी चूक हजेरीच्या कागदावरची. त्यात वंशाचा रकाना असतो आणि लोक तो बहुतेक वेळा कोराच ठेवतात. एका क्लासला दोन-तीन जणींनी कोरा ठेवला आणि मी घरी बसून आठवून आठवून भरला, ही गोरी होती, ही काळी, ही तर आपल्यातलीच दिसत होती म्हणून एशियन. ती जी आपल्यातली दिसत होती तिच्याशी मी पुढच्या वेळी सरळ हिंदीत बोलायला गेले. तिला एक अक्षर कळेना. ती गयानाची निघाली, दक्षिण अमेरिकेतल्या, तिचे पूर्वज इंग्रजांनी ऊसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेले, चार-पाच पिढ्या झाल्या. म्हणाली फॉर्मवर मी कधी काय लिहिते कधी काय, कुठलाच रकाना माझा वाटत नाही. आणि मी तिच्या वतीने एका सेकंदात ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे पद्धत स्पष्ट होती, माणसाला विचारायचं, का विचारतो ते सांगायचं, त्याने नाही म्हटलं तर कोरं सोडायचं, चेहरा बघून भरायचं नाही. क्विझमध्ये हा प्रश्न होता आणि मी तो बरोबर सोडवला होता!

पण मला ज्याने हलवलं ते वेगळंच होतं. फेब्रुवारीत एका शाळेत पालकांचा क्लास होता, महिन्याचा किराणा कसा पुरवायचा हा विषय. एक आई फक्त स्पॅनिश बोलणारी, तिची मुलगी सोबत, आठ-नऊ वर्षांची, चुणचुणीत, फाडफाड इंग्लिश. मी म्हटलं चला बरं झालं, हीच सांगेल आईला. सगळं मजेत चाललं होतं, कांदा मुलीने सांगितला, वाटाणे मुलीने सांगितले, सगळे तिचं कौतुक करत होते, मी पण. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात काय असतं. आई बरंच बोलली. मुलगी गप्प. मग म्हणाली, ती म्हणते सगळं ठीक आहे. आईने तिच्याकडे पाहिलं, परत तेच बोलली, जरा हळू. आणि मग त्या पोरीने खाली बघत सांगितलं की आई म्हणते शेवटच्या आठवड्यात ती स्वतः रात्रीचं जेवत नाही, म्हणजे आम्हाला पुरतं. माझ्या लक्षात आलं की हे त्या मुलीलाही तेव्हाच कळलं होतं. चौदा माणसांसमोर, माझ्या तोंडून आलेल्या प्रश्नामुळे, आणि ते तिनेच मोठ्याने बोलायचं. मी काहीतरी बोलून विषय बदलला. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

ऑफिसात फोनवरच्या दुभाष्याची सोय होती, नंबर लावलेला होता, एक पैसा द्यावा लागत नाही त्या बाईला, मला फक्त आधी विचारून ठेवायचं होतं. मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही हेही स्लाइडवर होतंच.

मग सप्टेंबर 2023 चं वार्षिक ट्रेनिंग आलं, ते प्रत्यक्ष होतं, एका हॉलमध्ये दिवसभर. ट्रेनर एक सत्तरीच्या आसपासच्या काळ्या बाई, आईवडील मिसिसिपीतले. त्यांनी स्लाइड लावलीच नाही सुरुवातीला. भेदभाव कशाकशावरून करता येत नाही ती यादी बोर्डवर लिहिली आणि विचारलं, स्नॅपच्या या यादीत राजकीय मतं का आहेत, सांगा. जेवणाचा आणि मतांचा काय संबंध. कोणालाच सांगता आलं नाही. मग त्यांनी ग्रीनवूडची गोष्ट सांगितली. मिसिसिपीत लेफ्लोर काउंटी म्हणजे जिल्हा, 1962 चा हिवाळा. तिथले काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला लागले होते, तर काउंटीच्या बोर्डाने केंद्राकडून येणारं जादा धान्य वाटणंच बंद केलं, पीठ, तांदूळ, दुधाची पावडर, सुमारे 22 हजार लोक त्यावर हिवाळा काढायचे, बहुतेक सगळे शेतमजूर. नाव नोंदवायला जाता काय, मग बसा उपाशी. बाहेरच्या राज्यांतून चळवळीतल्या पोरांनी ट्रक भरभरून अन्न नेलं, डिक ग्रेगरी नावाचे कॉमेडियन विमानाने अन्न घेऊन गेले. आणि त्या म्हणाल्या, 1964 मध्ये जुलैत सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट झाला आणि ऑगस्टच्या शेवटी फूड स्टॅम्प अ‍ॅक्ट, दोन्हींवर सही प्रेसिडेंट जॉन्सनचीच, आणि त्या फूड स्टॅम्पच्या कायद्यात पहिल्या दिवसापासून राजकीय मतं हा शब्द आहे. ही यादी कोणी टेबलाशी बसून सुचेल तशी लिहिलेली नाही, यातल्या एकेका शब्दामागे कोणीतरी उपाशी राहिलेलं आहे.

मला ती मुलगी आठवली एकदम.

मग भाषेवर आल्या. टायटल सिक्समध्ये भाषा हा शब्दच नाही, मूळ देश आहे, मग भाषेचा हक्क आला कुठून? सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या केसमधून, लाउ विरुद्ध निकल्स, 1974, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच मास्तर दिले म्हणजे समान वागवलं असं होत नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला काहीच मिळालं नाही. त्यांनी आय स्पीक कार्ड फिरवलं, सेन्सस म्हणजे जनगणना खात्याने केलेलं, 38 भाषा आहेत, माणसाने फक्त आपल्या भाषेपुढे बोट ठेवायचं. हिंदी आहे, बंगाली आहे, उर्दू आहे. मी मराठी शोधली, नाहीये. गुजरातीही नाही, आणि न्यू जर्सीत! सासूबाई इथे आल्या आणि एकट्या कुठल्या काउंटरवर उभ्या राहिल्या तर कशावर बोट ठेवतील हे तेव्हा डोक्यात आलं. कार्डावर नसली म्हणून भाषा नाही असं होत नाही म्हणा, फोनवर दुभाष्या मागता येतो, पण मागायला हवा.

दुपारी त्यांनी विचारलं, खाण्यावरून कोणाला वेगळं वागवलेलं तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलंत. इथल्या बऱ्याच जणांनी लंच काउंटरबद्दल ऐकलेलं सांगितलं, 1960 मध्ये ग्रीन्सबरोला चार काळी कॉलेजची मुलं वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर बसली ते. माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगणार, मी आजोळच्या कपाबद्दल सांगितलं. मागच्या अंगणात खिडकीच्या कट्ट्यावर एक कान तुटलेला कप असायचा, अंगण झाडायला येणाऱ्या मावशींचा, आजी त्यात वरून चहा ओतायची आणि त्या स्वतः तो धुऊन परत तिथेच ठेवायच्या. आजी प्रेमळ होती, मावशींना सणाला साडी द्यायची, पोरांच्या फियाही दिल्या तिने. आणि कप वेगळा. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी 1927 मध्ये लोकांबरोबर प्यायलं, आमच्या आजोळी तो कप 1990 नंतरही होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि लहान होते म्हणून काही विचारलं नाही असं मी स्वतःला सांगत आले, पण बारा-तेरा वर्षांची होते, तेवढं कळतं. हे मी इंग्लिशमध्ये पहिल्यांदाच कोणाला सांगत होते, घसा दाटून आला. ट्रेनर बाई म्हणाल्या, प्रेमळ होती ना, तेच लिहून ठेव. आपण मनाने चांगले आहोत एवढ्यावर लोकांचं जेवण सोडता येत नाही, म्हणून हे नियम आहेत.

तक्रारीचा भाग पण त्यांनी नीट करून घेतला, दोघादोघांना समोरासमोर बसवून. माणूस चिडून म्हणाला की माझ्यावर अन्याय झालाय, तर आपण पटवायला जायचं नाही, तसं नसेल झालं हो असं म्हणायचंच नाही. ज्या दिवशी घडलं तिथपासून 180 दिवसांच्या आत यूएसडीएकडे तक्रार करता येते, एडी-3027 नावाचा फॉर्म आहे, पण फॉर्मच हवा असं नाही, साधं पत्र चालतं, तोंडी सांगितली तर आपण लिहून घ्यायची, नाव न सांगता केली तरी घ्यायची. आणि तक्रार केली म्हणून नंतर त्याच्याशी कोणी वाकडं वागलं तर तोही वेगळा नियमभंग धरतात. सर्व्हिस डॉगचं मला नवीन होतं, क्लासमध्ये स्वयंपाक चालू असताना कोणी कुत्रा घेऊन आलं तर दोनच प्रश्न विचारता येतात, अपंगत्वामुळे लागणारा कुत्रा आहे का आणि तो कुठलं काम करायला शिकलाय, बस्स. कागद दाखवा म्हणता येत नाही.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. क्लास ठरला की आधी जागेच्या माणसाला फोन, जिना आहे का, लिफ्ट चालू आहे का, कोणत्या भाषेची माणसं येतात, दुभाष्या लागेल का. फ्लायरवर ते वाक्य मी मोठंच टाकायला लागले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे नाही, कागदावर विचारायचे, ज्याच्या त्याच्या भाषेत. त्या आईला मी नंतर दुभाष्याबरोबर फोन केला, माफी मागितली, पॅन्ट्रीच्या वेळा सांगितल्या. तिने खूप वेळ आभार मानले, त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

2025 च्या जुलैतल्या कायद्याने स्नॅप-एडचा पैसा बंद केला आणि 30 सप्टेंबरला आमचं काम संपलं. मी आता एका चर्चच्या तळघरातल्या फूड पॅन्ट्रीत आहे, सरकारी धान्य येतं त्यामुळे इथेही दरवर्षी तेच ट्रेनिंग, लोकांना सामान देणाऱ्या व्हॉलंटियर्सनासुद्धा, आणि ते घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. इथला मोठा मुद्दा प्रार्थनेचा, चर्चने जागा दिली तरी अन्न घ्यायच्या आधी कोणाला प्रार्थनेला बसवता येत नाही. आमच्याकडे एक मराठी काका येतात, रिटायर झालेले, मुलाकडे राहतात. मला म्हणाले, अगं आपण फुकट सेवा करतोय, आपल्याला कसली परीक्षा. मी म्हटलं काका, तुम्ही दहा मिनिटं बसा माझ्याजवळ, आणि ग्रीनवूडचं सांगितलं, मग त्या मुलीचं सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा लावून सगळ्या स्लाइड्स वाचल्या, हजेरीच्या कागदावर सही केली, तारीख घातली, आणि विचारलं की शनिवारी स्पॅनिश बोलणारं कोणी आहे का, नसेल तर तो दुभाष्याचा नंबर टेबलापाशी मोठ्या अक्षरात लाव, मला इथून दिसत नाही.