रीस्टार्टनंतर ब्राइटनेस टिकत नव्हता, तेव्हा

माझ्या लिनक्स लॅपटॉपचा ब्राइटनेस मी कायम वीस टक्क्यांच्या आसपास ठेवतो. काम रात्रीचं, आणि झगझगीत स्क्रीनसमोर बसलं की माझं डोकं हमखास दुखतं. पण रीस्टार्ट केलं की स्क्रीन थेट शंभर टक्के!

सुरू होताना ठरावीक आकडा लिहिणारी स्क्रिप्ट टाका, हा उपाय सगळे सांगतात. मला तो पटेना. लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीत नेमकी याच कामाची सर्व्हिस आहे. लॅपटॉप बंद होताना ती ब्राइटनेसचा आकडा जपून ठेवते, सुरू होताना परत लावते. मग बिघडतंय कुठे?

सिस, क्लास, बॅकलाइट या वाटेने फोल्डरमध्ये गेलो तर तिथे दोन नावं: इंटेल बॅकलाइट (ग्राफिक्स ड्रायव्हरचं) आणि एसीपीआय व्हिडिओ ० (लॅपटॉपच्या फर्मवेअरचं). स्क्रीन एकच, ताबा सांगणारे दोघे. माझ्या ब्राइटनेसच्या कळा मी इंटेलवाल्याला जोडलेल्या. जर्नल, म्हणजे सिस्टमडीची नोंदवही, उघडल्यावर मात्र एक ओळ सापडली, तिचा अर्थ असा: इंटेल बॅकलाइट सोडून देतोय, त्याच पीसीआय डिव्हाइसवर एसीपीआय व्हिडिओ ० आहे आणि त्याला प्राधान्य आहे. म्हणजे मी बदलत होतो एक आकडा आणि जपला जात होता दुसराच, तोही कमाल मर्यादेला टेकलेला. सर्व्हिस तिचं काम चोख करत होती.

उपाय कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचा होता: फर्मवेअरवालं सोड, ड्रायव्हरचंच वापर. आधी तात्पुरता करून पाहिला, आणि तसाच करावा: ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ई दाबायचं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एसीपीआय, अंडरस्कोअर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह, नेटिव्ह असं रोमन लहान अक्षरांत सलग टाइप करायचं आणि कंट्रोल-एक्स. जमलं नाही तरी पुढच्या रीस्टार्टला सगळं पूर्ववत. माझं जमलं, फोल्डरमध्ये एकटं इंटेल बॅकलाइट उरलं. मग तोच पर्याय ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून ग्रब अपडेट केलं.

आता ब्राइटनेस टिकतो. सुरुवातीचा लोगो अजून प्रखरच दिसतो, कारण तोवर सर्व्हिस सुरू झालेली नसते. पॉवर बटण दाबून धरून बंद केलं तर नवा आकडा जपला जात नाही, जुनाच येतो. आणि पाच टक्क्यांच्या खाली ठेवलात तर परत येताना पाच टक्के होतो. स्क्रीन पार काळी पडू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे.